बर्फाच्या पोटात दडलंय काय?

दोस्तांनो, कंपासपेटी उघडा आणि दोन्ही गुण्ये बाहेर काढा. एकाचा लहान कोन ३० अंशांचा, दुसऱ्याचा ४५ अंशांचा. डोंगरावरचा बर्फ कोसळतो, ज्याला हिमस्खलन म्हणतात, ते बहुतेक वेळा या दोन कोनांच्या मधल्या उतारांवरच होतं. फार उभ्या कड्यावर बर्फ साठतच नाही, थोडाथोडा गळून जातो. पंचाईत अशी, की स्कीइंगची खरी मजाही नेमकी याच उतारांवर!

काश्मीरमध्ये गुलमर्गचा गोंडोला अफरवत डोंगरावर ३९०० मीटरच्या वर नेऊन सोडतो. आखलेली वाट सोडून ताज्या बर्फातून उतरायला तिथे देशोदेशीचे लोक येतात. १ फेब्रुवारी २०२३ रोजी त्याच डोंगरावर हिमस्खलन झालं आणि पोलंडचे दोघे जण त्यात दगावले.

वरून तर सगळं कसं पांढरंशुभ्र, गुळगुळीत. मग धोका लपतो कुठे? घरीच बघा. (आईला विचारून हं, नाहीतर पीठ सांडल्याचं खापर माझ्या माथी!) पाटावर जुनं फडकं घाला. त्यावर मैदा, मग साखर, वर पुन्हा मैदा घालून हलकेच थापा. आता पाट एका बाजूने हळूहळू उचला. वरचा थर साखरेवरून घसरला ना? कडाक्याच्या थंडीत खालच्या बर्फाचे कणही असेच साखरेसारखे सुटे होतात. त्यावर वाऱ्याने आणलेला बर्फ थापून बसतो. मग एका माणसाचं वजनही पुरतं. जीवघेण्या अपघातांत बर्फ सोडवणारा बहुतेकदा सापडलेला माणूस किंवा त्याचाच सोबती असतो!

म्हणून जाणकार आधी खड्डा खणून थर तपासतात. पायाखाली ‘धप्प’ आवाज आला, बर्फाला तडे गेले, की सरळ मागे फिरतात. उतरतानाही एकेकच जण उतरतो, बाकीचे सुरक्षित जागेवरून त्याच्यावर नजर ठेवतात. गाडला गेलेला माणूस पहिल्या दहा मिनिटांत बाहेर काढला तर बहुधा वाचतो; पुढे आशा झपाट्याने कमी होत जाते. खालून मदत यायला तेवढा वेळ असतो कुठे? सोबत्यांनीच शोधायचं. त्यासाठी प्रत्येकाच्या अंगावर ट्रान्सीव्हर नावाचं छोटं यंत्र असतं, ते बर्फाखालूनही संदेश देतं. शिवाय बर्फात खुपसून बघायची लांब घडीची काठी आणि फावडं. फावडं कशाला, हातांनी उकरू, असं वाटेल. पण कोसळलेला बर्फ थांबला की सिमेंटसारखा घट्ट बसतो.