सत्कारात स्मृतिचिन्ह नको, रेनकोट द्या

दहावी-बारावीचे निकाल लागले की आपल्या वस्त्यांमध्ये गुणगौरवाचे कार्यक्रम सुरू होतात. विहारात खुर्च्या मांडल्या जातात, पाहुणे येतात, मुलांना पुष्पगुच्छ, शाल आणि काचेचे नाहीतर लाकडी स्मृतिचिन्ह दिले जाते. टाळ्या वाजतात, फोटो निघतो. आम्हीही अशा कार्यक्रमांना पाहुण्या म्हणून गेलो आहोत आणि ही स्मृतिचिन्हे स्वतःच्या हाताने दिली आहेत. म्हणून जे लिहितो आहोत ते आधी स्वतःलाच उद्देशून आहे.

दोन-तीन वर्षांपूर्वी असाच सत्कार झालेली वस्तीतली एक मुलगी पुढच्या शिक्षणासाठी कोकणात गेली. सोबत तीन घड्यांची छोटी छत्री, कॅनव्हासचे बूट आणि दोन जीन्स. गणपतीच्या सुट्टीत घरी आली तेव्हा तिच्या आईने आम्हाला बोलावले. पायाच्या बोटांमधली कातडी पांढरी पडून सोलली होती. ते पायाचे झाले, पण खरे दुखणे तिने आईपासूनही लपवले होते. जांघेत आणि कमरेभोवती नायटा पसरला होता. मैत्रिणीच्या सांगण्यावरून मेडिकलमधून कसलेतरी मलम आणून ती दोन महिने लावत होती. खाज थांबायची आणि पुन्हा दुप्पट यायची. ओले कपडे अंगावरच वाळवत होती, कारण वाळलेला दुसरा जोड नव्हता. "मी आता परत जात नाही," हे तिने आम्हाला हळूच सांगितले. मार्क कमी नव्हते, फी भरलेली होती. मुलगी शिक्षण सोडायला निघाली होती ती ओल्या कपड्यांमुळे. आई म्हणाली, "छत्री तं देली होती ना बाई तिले, आजून काय पाह्यजे?"

त्या माउलीचे काही चुकले नव्हते. पाऊस म्हणजे काय हे आपल्याला ठाऊकच नाही. मुक्ताईनगरला आपण मे महिन्यात पंचेचाळीस अंशांत भाजून निघतो आणि पावसाची वाट पाहतो. केळीच्या बागेत कामाला जाताना खताच्या पोत्याची खोळ डोक्यावर घेतली की आपला रेनकोट झाला. आपल्या जिल्ह्यात वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. कोकणात तीन हजारांच्या पुढे. आपल्याकडे सबंध वर्षात जेवढा पडतो, त्याहून जास्त तिकडे एकट्या जुलैत पडतो. आणि आपली मुले आता तिकडे जातात. लोणेऱ्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे, दापोलीला कृषी विद्यापीठ आहे, रत्नागिरी-सिंधुदुर्गात वैद्यकीय महाविद्यालये झाली आहेत. लोणेरे माणगाव आणि महाडच्या मधे. महाड म्हटले की आपल्याला वाटते, ते तर आपले माहितीचे गाव! पण आपण चवदार तळ्यावर जातो ते २० मार्चला, नाहीतर २५ डिसेंबरला. जुलैतले महाड आपण पाहिलेलेच नसते. २२ जुलै २०२१ ला सावित्रीचे पाणी त्याच महाडच्या बाजारपेठेत आणि घरांत शिरले होते.

आता खरेदीचे बोलू. छत्री द्या, पण लांब दांड्याची, जाड काड्यांची. घडीची छत्री कोकणातल्या वाऱ्यात पहिल्या दिवशीच उलटी होते. आणि नुसत्या छत्रीने डोके वाचते, गुडघ्याखालचे आणि दप्तर भिजतेच. म्हणून रेनकोट हवाच, तोही कोट आणि पॅन्ट वेगळे असलेला. दुकानात तो उलटा करून आतून बघा. शिलाईवर पट्टी चिकटवलेली असली पाहिजे, नुसती टाक्यांची शिलाई असेल तर पाणी तिथूनच आत येते. चेनवर झाकणपट्टी हवी. पाठीवर वारा जायला जाळी हवी, कारण तिकडे पाऊस असला तरी उकाडा असतो. निव्वळ प्लास्टिकच्या कोटात मूल पावसाने नाही तर घामाने भिजते, त्वचेला दोन्ही सारखेच. दुकानदार हो म्हणत असेल तर कोटाच्या बाहीत तांब्याभर पाणी घालून पाच-दहा मिनिटे धरा, गळते का ते तिथेच कळेल. रंग पिवळा-केशरी घ्या. हायवेवर संध्याकाळी चालणारे मूल ट्रकवाल्याला दिसले पाहिजे. 'काळा रंग मळत नाही' हा हिशेब इथे बाजूला ठेवा.

पायात कॅनव्हास नको, चामडे नको. मागे पट्टा असलेले, तळाला खाचा असलेले रबरी सँडल घ्या. साधी चप्पल शेवाळावर घसरते आणि मागून पाठीपर्यंत चिखल उडवते. शेतीचे शिक्षण घेणाऱ्यांना मात्र गमबूट लागतातच, चिखलात आणि गवतात उतरायचे असते. जीन्स ट्रंकेतच राहू द्या, ती तिकडे तीन-तीन दिवस वाळत नाही. पातळ, लवकर वाळणारे कपडे द्या आणि पैसे कमी पडले तर वरच्या कपड्यांत कपात करा, आतल्या कपड्यांत नको. आतले सहा-सात जोड हवेत. सोबत दोरी आणि चिमटे. दप्तरावर कव्हर, आत आणखी एक मोठी प्लास्टिकची पिशवी, आणि जातीच्या दाखल्यासह मूळ कागद प्लास्टिकच्या फाईलमध्ये.

मुलींच्या आयांना एक गोष्ट स्पष्ट सांगतो. पाळीचे कापड तिकडे पावसाळ्यात उन्हात वाळणार नाही. ओलसर कापड वापरले की खाज आणि संसर्ग आलाच. त्या चार महिन्यांसाठी पॅडचे पैसे वेगळे काढून द्या. तिला मागायला लाज वाटते, आपल्याला द्यायला वाटू नये.

खोलीवर आल्यावर पाय धुऊन बोटांच्या मधली जागा कोरडी पुसायची, हे रोजचे. खाज सुटली तर मेडिकलमधले 'सगळ्यावर चालणारे' मिश्र मलम लावायचे नाही. त्यात बहुधा स्टेरॉईड असते, त्याने खाज दबते आणि नायटा पसरतो. डॉक्टरांना दाखवून साधे बुरशीवरचे औषध घ्यावे आणि डाग गेल्यावरही सांगितलेले दिवस पूर्ण करावेत. आमच्या त्या मुलीला पूर्ण बरे व्हायला सहा आठवडे लागले.

त्याहून मोठी भीती लेप्टोची. उंदरांच्या आणि जनावरांच्या लघवीतले जंतू साचलेल्या पाण्यात, चिखलात असतात आणि पायाच्या जखमेतून, भेगांतून शरीरात शिरतात. कोकणात दर पावसाळ्यात याचे रुग्ण सापडतात. थंडी वाजून ताप, पोटऱ्या कमालीच्या दुखणे, डोळे लाल होणे, अशी लक्षणे दिसतात. मूल फोनवर म्हणते, "ताप आलाय", आणि आपण इथून सांगतो, "भिजली असशील, गोळी घे अन् झोप." तसे सांगू नका. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात पाठवा आणि डॉक्टरांना 'मी साचलेल्या पाण्यातून चालले होते' हे सांगायला लावा. वेळेत औषध मिळाले तर हा आजार बरा होतो, उशीर झाला तर किडनी आणि लिव्हरवर जातो. पुराच्या पाण्यातून जावे लागले असेल तर ताप यायच्या आधीच डॉक्टरांना विचारावे, ते प्रतिबंधक गोळी देतात.

"स्वाधारचे पैसे येतील, मग घेऊ," असे पालक म्हणतात. स्वाधार योजनेत भोजन, निवास आणि निर्वाह असे भत्ते आहेत आणि रेनकोट निर्वाहातूनच घ्यायचा. पण आधी प्रवेश, मग अर्ज, मग छाननी, मग खात्यात हप्ता. तोवर पावसाळा उलटून जातो. प्रवेशाच्या फेऱ्याच अशा येतात की मूल ऐन जुलै-ऑगस्टमध्ये तिकडे उतरते.

म्हणून म्हणतो, ती स्मृतिचिन्हे बंद करा. शाल, पुष्पगुच्छ आणि स्मृतिचिन्ह यांचा खर्च एकत्र करा, त्यात थोडी भर घातली की बऱ्यापैकी रेनकोट येतो. काहींना हे हलके वाटेल. स्टेजवर रेनकोट देताना फोटो चांगला येणार नाही, असे एका कार्यकर्त्याने आम्हाला तोंडावर सांगितले. वर्षावासात आपण 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' वाचतो, त्यात विशाखेचे प्रकरण येते. तिने तथागतांकडे आठ वर मागितले. त्यांतला एक संघाला पावसाळ्यासाठी वस्त्रे देऊ द्यावीत हा होता, एक प्रवासाला निघणाऱ्या भिक्खूंना अन्न देऊ द्यावे हा, आणि एक आजाऱ्यांना औषध देऊ द्यावे हा. विशाखा श्रीमंत होती, तिला काहीही भव्य देता आले असते.

यंदा आमच्या वस्तीत आषाढ पौर्णिमेच्या आधीच यादी करायची ठरले आहे, कोण कुठे शिकायला जाणार त्याची. जळगाव-छत्रपती संभाजीनगरला जाणाऱ्यांना छत्री पुरे, कोकणात जाणाऱ्यांना पूर्ण संच. मापे घेताना मुलाच्या पाठीवर भरलेले दप्तर लावूनच घ्यायची. गेल्या वर्षी एकाचा कोट दप्तरावर बसलाच नाही.