'द ख्रिसमस कार्ड' : एक न विचारलेला प्रश्न

नाताळच्या सुमारास अमेरिकी दूरचित्रवाणीवर जे प्रेमपट दाखवले जातात, त्यांच्याकडे साहित्याच्या प्राध्यापकांनी नाक मुरडूनच पाहावे असा एक अलिखित संकेत आहे. आम्हीही तो बरीच वर्षे निष्ठेने पाळला. लहानसे गाव, प्रेमळ आईवडील, नायिकेचा न शोभणारा प्रियकर आणि ऐन वेळी येऊन ठेपलेला परका पुरुष. शेवट पहिल्या दहा मिनिटांतच कळतो. परंतु शेवट आधी ठाऊक असणे हा दोष मानायचा, तर आपली आख्याने आणि कीर्तनेही बाद करावी लागतील.

स्टीफन ब्रिजवॉटर दिग्दर्शित 'द ख्रिसमस कार्ड' हॉलमार्क वाहिनीने डिसेंबर २००६ मध्ये प्रथम दाखवला. (शुभेच्छापत्रे विकून मोठ्या झालेल्या उद्योगाच्या वाहिनीने शुभेच्छापत्राचाच महिमा गावा, ही हुशारी नजरेआड करता येत नाही.) अफगाणिस्तानात लढणाऱ्या कोडी कलनच्या हाती कॅलिफोर्नियातील नेवाडा सिटी या गावाहून आलेले एक कार्ड पडते. फेथ स्पेलमनने ते कोणा एकाला उद्देशून लिहिलेले नसते. दूर असलेल्या कुणाही सैनिकासाठी ते असते. साथीदाराच्या मृत्यूनंतर रजेवर आलेला कोडी त्या गावी पोहोचतो, फेथच्या वडिलांना अपघातातून वाचवतो आणि त्यांच्या लाकडाच्या गिरणीत कामाला लागतो. कार्डाविषयी मात्र तो मौन पाळतो.

हे मौन हीच चित्रपटाची खरी कमाई. प्रेक्षकाला ठाऊक, कोडीला ठाऊक, फेथला ठाऊक नाही. त्यामुळे दोघांच्या साध्या गप्पांनाही एक ताण येतो. ना. सी. फडक्यांच्या तंत्राची वर्गात आम्ही पुष्कळ थट्टा केली आहे, पण उत्कंठा कशी राखावी हे त्या तंत्राला समजले होते, हे इथे मान्य करावे लागते. त्यातच वडील ल्यूकच्या भूमिकेत एड ॲस्नर आहेत. भावनेच्या काठाशी येऊन थांबणारा, किंचित खडूस म्हातारा त्यांनी असा उभा केला आहे की एमी पुरस्कारासाठी त्यांचे नामांकन झाले याचे नवल वाटत नाही.

पण ज्या मौनावर चित्रपट उभा आहे, त्याची तपासणी तो करत नाही. कोणालाही उद्देशून नसलेला मजकूर एका माणसाने आपलाच मानला आणि लिहिणारीला काही कळू न देता तो तिच्या घरच्यांत वावरू लागला. यात तिची फसवणूक होते का? कोडी सज्जन आहे म्हणून हा प्रश्न मिटत नाही. फेथचा प्रियकर पॉल धंद्यापायी सतत बाहेरगावी असतो; त्याला इतका पातळ रंगवला आहे की त्याने लग्नाची मागणी घातली तरी प्रेक्षकाच्या जिवाला घोर लागत नाही. त्यामुळे फेथला खऱ्या अर्थाने निवड करावीच लागत नाही.

आम्हाला अधिक खटकते ते युद्ध. चित्रपट प्रथम दाखवला गेला तेव्हा अफगाणिस्तानातील लढाईला पाच वर्षे उलटून गेली होती. अमेरिकेचे सैन्य तिथून निघाले ते ऑगस्ट २०२१ मध्ये. म्हणजे त्या डिसेंबरात पडद्यासमोर बसलेल्यांपैकी कित्येकांचे मुलगे, नवरे खरोखरच दूर होते. त्यांना हा गोडवा पाणचट वाटला नसेल, आणि त्यांना हसण्याचा अधिकार आम्हाला नाही. म्हणूनच साथीदाराचा मृत्यू केवळ नायकाला रजा मिळवून देण्यापुरता यावा, हे मनाला बोचते. मेलेल्या मित्राचे ओझे खांद्यावर असलेला माणूस कार्डात आधार शोधतो, ही कथा कितीतरी खोल गेली असती.

उलगडा होतो तेव्हा शेवट दाराशी आलेला असतो. "मी ते तुझ्यासाठी लिहिलेच नव्हते," असे फेथने एकदा तरी म्हणायला हवे होते. नाताळच्या सजावटीची दोन दृश्ये कापली असती तर तेवढा वेळ सहज निघाला असता.