सांगा म्हणणारे आम्ही कोण?

"लपवता कशाला? गुन्हा थोडाच केलाय?" एचआयव्हीचा विषय निघाला की आमच्याकडचे जाणते लोक हमखास असं म्हणतात. ऐकायला ते मोठं उदार वाटतं. आम्हीही १ डिसेंबरची प्रभातफेरी परतली की मुलांसमोर हेच सांगत आलो : आजार लपवू नये, मोकळेपणाने बोलावं. आज आम्हाला हे मत साफ चुकीचं वाटतं. ते का बदललं हे न सांगता पुढे लिहिणं अप्रामाणिकपणाचं होईल.

आम्ही नंदुरबार जिल्ह्यातल्या एका उर्दू शाळेत शिकवतो. चौथीतला एक मुलगा दर महिन्याला एक दिवस न चुकता गैरहजर असायचा. आम्ही त्याला दोनदा वर्गाबाहेर उभं केलं. मग त्याची अम्मी शाळेत आली. बराच वेळ दाराशी नुसतीच उभी राहिली. नवरा कावीळ होऊन गेला असं मोहल्ल्याला माहीत होतं. ती कावीळ नव्हती. आता मायलेकरं दोघांच्याही गोळ्या चालू होत्या. इथल्या दवाखान्यात बिरादरीतलं कुणी ना कुणी भेटतंच, म्हणून ती गोळ्यांसाठी धुळ्याला जायची आणि पोराचा दिवस बुडायचा. जाताना एवढंच म्हणाली, "सर, ये बात आपके पास अमानत है."

आम्ही ती अमानत चार दिवस सांभाळली. पाचव्या दिवशी हेडसरांच्या कानावर घातली. हेतू चांगला होता हो! खेळताना पोराला लागलं, रक्त आलं, तर कुणाला तरी ठाऊक असायला हवं. बी.एड. झालेल्या माणसाला एवढंही कळू नये? रक्त कुणाच्याही पोराचं असो, हातमोजे घालूनच पुसायचं असतं. बाकीच्या चाळीस पोरांची तपासणी आम्ही कुठे केली होती? हेडसरांनी ते विश्वासाने एकालाच सांगितलं, त्याने विश्वासाने घरी सांगितलं. जुम्म्याच्या नमाजनंतर चार बाप फाटकाशी हजर. कुणी आवाज चढवला नाही. "बच्चों का सवाल है, सर." पाण्याच्या टाकीचं काय, डब्याचं काय, बाकड्याचं काय? पाण्याने, डब्याने, बाकड्याने हा विषाणू पसरत नाही हे आम्ही सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि सोमवारी पोरं पाठवली नाहीत.

आता म्हणणारे म्हणतात, तिने आधीच चारचौघांत सांगितलं असतं तर ही कुजबुज झाली नसती. बरं. गोव्यातल्या डॉमिनिक डिसूझाला आठवा. रक्तदान करणारा तरुण. १९८९ साली त्याच्या रक्तात विषाणू सापडला आणि त्याला म्हापशाच्या जुन्या क्षयरुग्णालयात ६४ दिवस कोंडून ठेवलं गेलं. सगळ्या गोव्याला त्याचं नाव कळलं. त्याला मात्र कुणी विचारलं नव्हतं. पुढे तो उघडपणे लढला, संस्था काढली, १९९२ साली गेला. त्याच्या हिमतीला आमचा सलाम. पण ज्याचं झाकण आधीच कुणीतरी उडवलं, त्याच्या हिमतीचा दाखला देऊन दुसऱ्याने आपलं झाकण स्वतः काढावं, हा कुठला न्याय? १९९७ साली एचआयव्हीमुळे काम नाकारलेल्या एका मजुराला मुंबई उच्च न्यायालयाने न्याय दिला, तोही त्याचं खरं नाव झाकून. निकालात तो नुसता एमएक्स आहे. न्यायमूर्तींना जे समजलं ते आमच्या मोहल्ल्याला समजायला अजून किती वर्षं लागणार?

२०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा २०१८ च्या सप्टेंबरात लागू झाला. विश्वासाने कळलेली दुसऱ्याची ही माहिती, कोर्टाच्या हुकमासारखे मोजके अपवाद सोडले तर, त्याच्या लेखी संमतीशिवाय सांगता येत नाही. म्हणजे आम्ही केलं ते कायद्यालाही धरून नव्हतं. आणि कायदा कशाला हवा? सूरह हुजुरातमध्ये संशय, दुसऱ्याच्या घरात डोकावणं आणि गीबत या तिन्हींना मनाई आहे, हे आमची तिसरीतली पोरंही सांगतील.

नवरा-बायकोची गोष्ट निराळी. तिथे आम्ही कसलीच सवलत मागत नाही. ज्याच्याशी संसार करायचा त्याला अंधारात ठेवणं हा दगा आहे. कायदाही रुग्णाला आधी समजावून मग डॉक्टरला किंवा समुपदेशकाला जोडीदाराशी बोलू देतो. पण सांगितल्यावर मारहाण होईल, घराबाहेर काढतील अशी भीती बाईच्या बाबतीत असेल, तर डॉक्टरनेही सांगू नये असं तोच कायदा म्हणतो. ज्यांनी तो लिहिला त्यांना घरं कशी असतात हे माहीत असावं.

एवढ्यावर काहींचं समाधान होत नाही. निकाहाआधी दोघांची तपासणी करून रिपोर्ट जमातीकडे द्यावा, अशी टूम आमच्याकडे अधूनमधून निघते. दोघांनी आपसांत जरूर तपासून घ्यावं. पण निकाहाला गवाह लागतात, रक्ताच्या रिपोर्टाला नाही. मोडलेल्या सोयरिकीचं कारण आठ दिवसांत गावभर होईल, आणि मुलीचं नाव आधी होईल. मग तपासायला जाणार कोण? २००४ पासून सरकारी केंद्रांत औषधं फुकट मिळतात. ती नियमित घेतली आणि विषाणू तपासणीत सापडण्याच्या खाली गेला, तर शरीरसंबंधातूनही तो जोडीदाराला लागत नाही. एवढं सगळं हाताशी असताना माणूस केंद्राच्या दारातून परत फिरतो, कारण बाकावर शेजारची खाला बसलेली असते.

ती बाई परत आली ती दाखला मागायला. आम्ही थांबा म्हणालो, समजावतो म्हणालो, सभा घेऊ म्हणालो. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "सर, सभा में क्या बोलेंगे आप?"

दाखला आम्हीच लिहिला. 'शाळा सोडण्याचे कारण' या रकान्यात आमच्या अक्षरात आहे : पालकांचे स्थलांतर.