पंगू शिपायाचें वेतन व पत्नीचा हक्क

ज्याच्या घरीं सरकारी पेन्शन येते, त्यास अमेरिकेंतील एक वाद परका वाटण्याचें कारण नाहीं. लष्करी चाकरींत देहास अपाय झालेल्या शिपायास तेथील सरकार जें अपंगत्व-वेतन देतें, त्यांत काडीमोड झालेल्या पत्नीचा वांटा किती, हा तो वाद होय.

१९८१ सालीं तेथील सुप्रीम कोर्टानें लष्करी पेन्शन ही पतिपत्नींची सामाईक मिळकत नव्हे, असा निकाल दिला. पुढल्याच वर्षीं काँग्रेसनें कायदा करून राज्यांतील कोर्टांस ती वांटण्याची मुभा दिली. मात्र अपंगत्व-वेतनासाठीं पेन्शनीचा जेवढा भाग सोडावा लागतो तेवढा वगळून. सारी मेख या वगळण्यांत आहे. अपंगत्व-वेतनावर कर नाहीं, म्हणून शिपाई तितकी पेन्शन खुषीनें सोडतो, आणि पत्नीचा वांटा तिला न विचारतां घटतो. (शेंकडा ५० वा अधिक पंगू ठरलेल्या बहुतेक पेन्शनरांस पुढें सवलत मिळाली, इतरांची स्थिति तीच आहे.) १९९१ सालीं विभक्त झालेल्या हॉवेल दांपत्याची पेन्शन दरमहा सुमारें १,५०० डॉलर, पतीनें त्यांतील सुमारें २५० सोडले, पत्नीचे १२५ बुडाले. अॅरिझोनाच्या कोर्टांनीं ते पतीकडून भरून देवविले. २०१७ सालीं सुप्रीम कोर्टानें तो हुकूम रद्द केला.

पोटगीची गोष्ट निराळी. १९८७ च्या रोझ खटल्यांत, हें वेतन शिपायाबरोबर त्याच्या कुटुंबाच्याही निर्वाहासाठीं आहे असें ठरून, मुलांच्या पोटगीस तें लागू झालें. पत्नीची पोटगी ठरवितांनाही बहुतेक राज्यांतील कोर्टें तें उत्पन्नांत धरतात. आणि हॉवेल निकालांतच, घटलेल्या पेन्शनीचा विचार पोटगींत करण्यास हरकत नाहीं, असें न्यायमूर्ति ब्रायर यांनीं लिहून ठेविलें आहे.

म्हणजे पुढल्या दारानें नाकारलेली रक्कम मागल्या दारानें मिळूं शकते. पण ती हक्क म्हणून नव्हे, गरज सिद्ध केल्यावर. ज्या स्त्रीनें छावणीमागून छावणी संसार हलविला, तिला वांटेकरीण न मानतां याचक करणें आम्हांस न्यायाचें वाटत नाहीं. उलट, गमावलेल्या पायाची भरपाई ही पगारासारखी मोजणेंही क्रूरपणाचें होईल. शिपायाच्या शुश्रूषेचा खर्च आधीं बाजूस काढावा, व उरलेलें पोटगीच्या हिशेबांत घ्यावें.

आमच्याकडील १८७१ च्या पेन्शन अॅक्टानें धनकोच्या मागणीवरून पेन्शनीची जप्ती बंद केली आहे. पत्नी ही धनको नव्हे, एवढें आमच्या वकीलबंधूंनीं ध्यानांत ठेवावें.