बूच जागेवर आहे ना?



डिसेंबर लागला की बडोद्याहून येणाऱ्या फोनवर दोन प्रश्न ठरलेले असतात. आईचा, "थंडी किती आहे रे तिकडे?" आणि बाबांचा, "बुचं जागेवर आहेत ना?" पहिला प्रश्न कोणालाही कळेल. दुसऱ्यामागे एक गोष्ट आहे आणि ती आम्हाला बरीच महाग पडली होती. या वेळी तीच सांगतो.

आम्ही राहतो टेक्सासमध्ये, ऑस्टिन शहराच्या उत्तरेला. इथला उन्हाळा आपल्या बडोद्यासारखाच, पारा चाळिशीच्या आसपास ठाण मांडून बसतो. त्यामुळे मागच्या अंगणात पोहण्याचा तलाव असणं ही इथे फार मोठी श्रीमंती समजली जात नाही. २०१९ मध्ये घर घेतलं तेव्हा तलाव घराबरोबरच आला. फोटो पाहून काकांनी "शेठ झालास की रे!" असं जाहीर करून टाकलं. तलावाबरोबर एक पंप, एक फिल्टर, एक गॅसचा हीटर आणि बरेच पाइपही येतात, हे फोटोत दिसत नाही. ही सगळी यंत्रसामग्री घराच्या कडेला उघड्यावर बसवलेली असते.

अमेरिकेच्या उत्तरेकडच्या राज्यांत हिवाळ्याआधी पाइपांतलं पाणी काढून तलाव बंद करतात. इथे तो वर्षभर चालू असतो. एखाद्या गारठलेल्या रात्रीसाठी 'फ्रीझ गार्ड' नावाची सोय असते. हवेचं तापमान ३ अंश सेल्सिअसच्या आसपास उतरलं की पंप आपोआप सुरू होतो. वाहतं पाणी सहज गोठत नाही, शिवाय तलावातलं पाणी हवेपेक्षा उबदार असतं, ते पाइपांतून फिरत राहिलं की पाइप वाचतात. सोपी आणि हुशार युक्ती. मी तर पेशाने सॉफ्टवेअरवाला, स्वयंचलित काही दिसलं की माझा त्यावर लगेच विश्वास बसतो.

मग आला फेब्रुवारी २०२१. ऑस्टिनमध्ये पारा उणे १४ अंशांपर्यंत उतरला, अंगणात बर्फाचा जाड थर साचला. १५ फेब्रुवारीच्या पहाटे, दीडच्या सुमारास, राज्यभर वीज तोडायला सुरुवात झाली. टेक्सासचं वीजजाळं बाकीच्या अमेरिकेपासून जवळजवळ वेगळं आहे. थंडीमुळे गॅसचा पुरवठा आणि वीजकेंद्रं दोन्ही कोलमडली, आणि त्याच वेळी मागणी मात्र वाढत गेली. साठ हर्ट्झवर चालणाऱ्या जाळ्याची वारंवारता ५९.४ च्या खाली गेली आणि ४ मिनिटं २३ सेकंद तिथेच राहिली. ९ मिनिटं राहिली असती तर उरलीसुरली केंद्रंही बंद पडून अख्खं जाळंच बसलं असतं. एका वेळी ४५ लाखांहून अधिक घरं अंधारात होती.

आमचं घर त्यातलंच एक. रात्री दोन वाजता जाग आली ती शांततेमुळे. घराची हीटिंग बंद, आणि खिडकीबाहेर दोन दिवस अखंड घरघरणारा पंपही बंद. आळीपाळीने वीज जाईल असं आधी सांगितलं होतं, म्हणून वाटलं, तासाभरात येईल. लेक तेव्हा चार वर्षांची होती. तिला मध्ये घेऊन, घरातली सगळी पांघरुणं अंगावर ओढून आम्ही एकाच खोलीत झोपलो.

सकाळपर्यंत वीज आली नाही. घरातलं तापमान ९ अंश. बाबांना फोन लावला तेव्हा बडोद्यात संध्याकाळ होती. बाबांची उभी हयात कारखान्याच्या देखभाल खात्यात गेली. घराची, लेकीची चौकशी झाल्यावर त्यांनी विचारलं, "तुझ्या त्या पंपात पाणी आहे का अजून?"

"असणारच ना, बाबा."

"अरे, मग काढून टाक ते! वीज नाही म्हणजे पाणी फिरत नाही. उभं पाणी गोठणार, आणि गोठलं की फुगणार. खाली बूच असेल बघ."

पाणी गोठताना साधारण नऊ टक्के फुगतं, हे मी शाळेत शिकलो होतो. पण पंपाला खाली बूच असतं हे दीड वर्ष घराचा मालक असूनही मला माहीत नव्हतं. बर्फात गुडघे टेकून, मोबाइलच्या उजेडात, पक्कड घेऊन मी पंपाची दोन आणि फिल्टरचं एक बूच उघडलं. पंपातून आधी बर्फाचा चुरा आणि मग पाणी आलं. थोडक्यात वाचलं, असं म्हणून मी घरात पळालो.

दोन गोष्टी राहून गेल्या. हीटरलाही बुचं असतात हे कळलं नव्हतं. आणि मी पंपाचा ब्रेकर पाडला नव्हता.

तिसऱ्या रात्री वीज आली. आम्ही टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात बाहेरून कर्कश किंचाळल्यासारखा आवाज सुरू झाला. फ्रीझ गार्डने आपलं कर्तव्य बजावलं होतं. थंडी आहे, वीज आहे, चला, पंप चालू! पंपात पाण्याचा थेंब नव्हता. मी धावत जाऊन ब्रेकर पाडेपर्यंत आतलं सील जळलं होतं. आठवड्याने सगळं जोडून पाणी सोडलं, तर हीटरच्या तळातून धार लागली. आतल्या तांब्याच्या नळ्या फुटल्या होत्या. गावातल्या निम्म्या तलावांची हीच गत, त्यामुळे दुरुस्तीवाल्याची वेळ मिळेपर्यंत एप्रिल उजाडला. बिल किती आलं ते काकांना आजवर सांगितलेलं नाही.

हे नुकसान पैशांचंच होतं, हेही सांगायला हवं. राज्याच्या अधिकृत आकडेवारीनुसार त्या थंडीत २४६ माणसं गेली. बरेच जण गारठून, तर काही जण ऊब मिळवायला बंद जागेत जनरेटर किंवा शेगडी लावल्यामुळे कार्बन मोनॉक्साइडने. तेव्हा आधी माणसं, मग घरातले नळ आणि सगळ्यात शेवटी तलाव. तलावाने मात्र त्या आठवड्यात एक उपकार केला. नळाचं पाणी गेलं तेव्हा त्याच्यावरचा बर्फ फोडून बादल्या भरभरून संडासात टाकायला पाणी मिळालं. "बघ, बादलीची सवय वाया जात नाही," असं आई फोनवर म्हणाली.

त्यानंतर मी बसून नीट शिकलो. थंड प्रदेशात राहणाऱ्या आपल्या मुलामुलींसाठी ते इथे लिहून ठेवतो.

वीज असेल तर

पंप बंद करायचा नाही, रात्रंदिवस फिरू द्यायचा. प्रत्येक पाइपातून थोडं तरी पाणी वाहील असे व्हॉल्व्ह ठेवायचे. तलावातलं पाणी कमी असेल तर पंप हवा ओढतो, म्हणून पातळी आधीच बघायची. जाळीतला पालापाचोळा काढायचा. तलावाच्या काठाला जिथून पाणी आत खेचलं जातं त्या कप्प्यात थोडे खडे घातलेली अर्धी भरलेली प्लास्टिकची बाटली सोडायची. बर्फ फुगला तर बाटली चेपते, कप्पा वाचतो. काठावरच्या फरश्यांजवळचा बर्फ हातोड्याने फोडायचा नाही. आणि लहान मुलांना तिकडे अजिबात फिरकू द्यायचं नाही, तो बर्फ माणसाचं वजन पेलत नाही.

वीज गेली तर

वाट बघत बसायचं नाही. पहिलं काम ब्रेकर पाडणं, पंपाचा आणि हीटरचा, दोन्ही. मग हीटरचा गॅस बंद. यंत्रं तलावाच्या पातळीपेक्षा खाली असतील तर तलावाकडून येणारे आणि परत जाणारे व्हॉल्व्ह आधी बंद करायचे, नाहीतर तलावच रिकामा होऊ लागेल. फिल्टरच्या डोक्यावरचा हवेचा व्हॉल्व्ह उघडून दाब घालवायचा. त्यानंतर पंपाचं झाकण आणि सगळी बुचं उघडायची: पंप, फिल्टर, हीटर आणि क्लोरीनचं यंत्र. काढलेली बुचं पंपाच्याच जाळीत ठेवायची. तिथून ती हरवत नाहीत, आणि पुढच्या वेळी झाकण लावायला गेलं की आपोआप डोळ्यांसमोर येतात.

पाणी आधीच गोठलं असेल तर पंप चालू करायचा नाही. उकळतं पाणी ओतायचं नाही, जाळ तर मुळीच लावायचा नाही. बंद यंत्रांवर जुनी गोधडी टाकून थंडी ओसरायची वाट बघायची.

पुन्हा चालू करताना

घाई इथेच नडते. पारा शून्याच्या वर गेल्यावर, दिवसाउजेडी, बर्फ पूर्ण वितळल्याची खात्री करून कामाला लागायचं. प्रत्येक यंत्राला आणि पाइपाला तडा आहे का ते हात फिरवून बघायचं. बुचांच्या रबरी रिंगांना सिलिकॉनचं ग्रीस लावून बुचं घट्ट बसवायची. बंद केलेले व्हॉल्व्ह उघडायचे.

आणि मग? मग बडोद्याचीच रीत. आपल्या घरी टाकीत पाणी चढवणारी मोटार हवा पकडायची तेव्हा बाबा तांब्याने तिच्यात पाणी ओतायचे, आठवतं? तेच इथे. पंपाचं भांडं काठोकाठ भरून झाकण लावायचं, फिल्टरचा हवेचा व्हॉल्व्ह उघडा ठेवायचा, मग ब्रेकर वर करून पंप कमी वेगावर चालू करायचा. त्या वेळी फिल्टरवर वाकून उभं राहायचं नाही. आत अडकलेल्या हवेच्या दाबाने झाकण उडू शकतं. व्हॉल्व्हमधून आधी हवा सूं सूं करत जाते, मग पाण्याची सलग धार येते, की तो बंद करायचा. दोन-चार मिनिटांत पाणी आलंच नाही तर पंप बंद करून पुन्हा पाणी भरायचं. कोरडा पंप चालवत ठेवायचा नाही, याचा आवाज मी ऐकलाय. तासभर सगळीकडे गळती बघायची. हीटर सगळ्यात शेवटी.

एवढं शिकल्यावर परीक्षाही झाली. डिसेंबर २०२२ मध्ये पारा पुन्हा शून्याच्या बराच खाली गेला, पण आमच्याकडे वीज टिकली. पंप फिरत राहिला, मी झोपलो. जानेवारी २०२३ च्या अखेरीस मात्र पडता पडता गोठणारा पाऊस आला. ओकच्या फांद्या बर्फाच्या वजनाने मोडून तारांवर पडल्या आणि ऑस्टिन परिसरात वीज गेली. या वेळी मी वाट बघितली नाही. हिने टॉर्च धरला, लेक आतून यादी वाचत होती, "बाबा, ब्रेकर! बाबा, गॅस!" वीस मिनिटांत सगळं कोरडं. वीज आली तेव्हा ब्रेकर पाडलेलाच होता, त्यामुळे बाहेर शांतता होती. दोन दिवसांनी ऊन पडल्यावर पाणी भरून पंप चालू केला. एक थेंब गळला नाही.

आमच्या कामात आम्ही एखादी सेवा बंद पडली तर ती आपोआप उठेल अशी व्यवस्था करतो आणि पाठ थोपटून घेतो. पण उठवण्याआधी ती उठायच्या अवस्थेत आहे का, हे तपासणं राहून जातं. फ्रीझ गार्डचंही तेच. त्याचा सगळा भरवसा विजेवर, आणि कडाक्याच्या थंडीत सगळ्यात आधी दगा देते ती वीजच. आता घरात कुठलीही आपोआप चालणारी गोष्ट आली की मी दोन प्रश्न विचारतो. ही कशाच्या जिवावर चालते? आणि ते गेलं, तर हाताने काय करायचं?

तुमच्याकडे थंडीने पाइप फुटणार नाहीत. पण टाकीची मोटार, इन्व्हर्टर, गिझर यांपैकी एकाचा ब्रेकर किंवा बूच कुठे आहे, हे या रविवारी बाबांना विचारून स्वतः बघून ठेवा. घरातल्या एकट्यालाच माहीत असलेली गोष्ट नेमकी तो घरी नसताना लागते.

आमची बुचं जागेवर आहेत. लेकीने डब्यावर मराठीत चिठ्ठी चिकटवली आहे: 'आधी ब्रेकर!'

भेटू पुढच्या महिन्यात.