राज्यपुष्पाचा मान आणि रोपांचा हिशेब

ताम्हण हें महाराष्ट्राचें राज्यपुष्प आहे, ही गोष्ट शाळेंतील मुलें तोंडपाठ म्हणून दाखवितात. परंतु ‘तें झाड आम्हांस दाखवा’ असें त्यांपैकीं एकानें म्हटल्यास शहरांतील किती गुरुजी त्यास बोट धरून तेथें नेऊं शकतील, याविषयीं आम्हांस शंका आहे. वाटेंत गुलमोहर भेटेल. तो मूळचा मादागास्करचा. पर्जन्यवृक्ष भेटेल, तो दक्षिण अमेरिकेंतला. कोकणांतील ओढ्याकाठीं वैशाखांत जांभळ्या तुऱ्यांनीं डवरणारा घरचा वृक्ष मात्र शोधावा लागेल. मान दिला, पण पान वाढावयाचें राहिलें, असा हा प्रकार आहे.

आम्ही परदेशी झाडांचे शत्रु नाहीं. गुलमोहराची शोभा आम्हांसही दिसते. पण त्याचें लाकूड ठिसूळ व मुळें उथळ; पावसाळी वाऱ्यांत तो रस्त्यावर आडवा पडलेला कोणीं पाहिला नाहीं? ताम्हणाच्या ठायीं शोभा व उपयोग हे दोन्ही गुण एकत्र नांदतात. फूल चुणीदार पाकळ्यांचें व मोठें; लाकूड तांबूस, बळकट आणि पाण्यांत टिकणारें. म्हणूनच बंगाल व आसाम या प्रांतांत ‘जारूळ’ या नांवानें होड्यांकरितां आणि घरांच्या खांबांकरितां त्याची चाहा झाली.

आतां कायद्याकडे वळूं. शहरांतील झाडांच्या रक्षणासाठीं महाराष्ट्रांत १९७५ चा कायदा आहे. त्यान्वयें वृक्ष प्राधिकरण नेमावयाचें, झाडांची गणना करावयाची, आणि परवानगीवांचून झाड तोडावयाचें नाहीं. २०२१ च्या दुरुस्तीनें ५० वर्षांच्या व त्याहून जुन्या वृक्षांस वारशाचा दर्जा दिला, आणि तोडलेल्या झाडाचें जितकें वय तितकीं नवीं झाडें लावण्याचा दंडक घातला. हेतु स्तुत्यच आहे. परंतु ६० वर्षांच्या वृक्षाबद्दल ६० रोपें लावलीं, एवढ्यानें हिशेब कागदावर जुळला तरी कर्तव्य पुरें होत नाहीं. तीं रोपें कोणतीं आणि कोठें लावलीं, हा प्रश्न उरतोच. कायद्याचा शब्द संख्येनें पाळतां येईल. त्याचा हेतु निवडीनेंच पाळला जाईल.

कोणी म्हणेल, ताम्हणास पाणी फार लागतें. आक्षेप रास्त आहे. म्हणून तें नदीकाठीं, तलावांच्या बांधांवर, सार्वजनिक उद्यानांत लावावें. देशावरील कोरड्या रस्त्यांकरितां बहावा आहेच. त्याचेंही लाकूड कठीण आणि फुलोरा सोन्यासारखा. प्रत्येक जागेस तिचें झाड आपल्याच मुलुखांत सांपडेल. शोधण्याची इच्छा मात्र पाहिजे.

आमची मागणी साधी आहे. प्रत्येक नगरपालिकेनें भरपाईच्या रोपांची यादी नांवानिशीं व जागेनिशीं प्रसिद्ध करावी. नागरिकांनींही स्वस्थ बसूं नये. झाड तोडण्यापूर्वीं जाहीर नोटीस देऊन हरकती मागविण्याची तरतूद कायद्यांत आहे. हरकत लिहितांना ‘तोडूं नका’ एवढेंच न लिहितां ‘तोडणें अटळच असेल, तर बदल्यांत काय लावणार?’ हेंही लेखी विचारावें. हिंवाळ्यांत ताम्हणाचीं बोंडें तडकतात व पंखांचें बीं वाऱ्यावर उडतें. तें वेंचावयास कोणत्याही सभेचा ठराव लागत नाहीं.