निकालानंतरचे पंधरा दिवस

‘नीट’चा निकाल लागला की लातूरच्या उद्योग भवन परिसरात आणि नांदेडच्या भाग्यनगर-श्यामनगर भागात फ्लेक्स झळकू लागतात. ज्यांचे फोटो त्यावर नसतात, ती मुले त्याच गल्ल्यांतल्या खोल्या रिकाम्या करत असतात. कोणी गादी बांधतो, कोणी मेसचा हिशेब चुकता करतो. घरी काय सांगायचे, हा विचार करतच एसटीत बसतो. कर्ज काढून शिकवणाऱ्या घरातल्या मुलाला हा प्रश्न जास्तच जड जातो.

वास्तविक, आकडे पाहिले तर ही वेळ बहुतेकांवर येणारच असते. 2025 मध्ये देशभरात 22 लाखांहून अधिक विद्यार्थ्यांनी ‘नीट’ दिली. एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्या आसपास. म्हणजे साधारण अठरा जणांमागे एक जागा. सगळ्यांनी जीव तोडून अभ्यास केला असता तरी सतरा जण बाहेरच राहिले असते.

परीक्षेतले अपयश कसे हाताळावे, याची शिस्त लावून घेतलेला एक व्यवसाय आहे. तो म्हणजे वैमानिकाचा. परवाना मिळाला म्हणून वैमानिकाची परीक्षा संपत नाही. प्रवासी विमान चालवणाऱ्याची वर्षातून दोनदा प्रावीण्य चाचणी होते. सिम्युलेटरमध्ये, उड्डाणाच्या ऐन क्षणी इंजिन बंद पडते, एकाच इंजिनावर विमान उतरवावे लागते. वीस-वीस वर्षांचा अनुभव असलेली माणसेही या चाचणीत कधीतरी नापास होतात. तेव्हा त्यांना उड्डाणावरून थांबवले जाते आणि परीक्षकासमोर बसून नेमके कुठे चुकले ते तपासले जाते. मग त्या भागाचे प्रशिक्षण आणि पुन्हा चाचणी. वाईट त्यांनाही वाटते, झोप त्यांचीही उडते. पण ‘तू वैमानिक व्हायच्याच लायकीचा नाहीस’ असे त्या चाचणीचा कागद म्हणत नाही. अमुक कौशल्य आज कमी पडले, एवढेच तो सांगतो.

‘नीट’ तर तेवढेही सांगत नाही. वैमानिकाची चाचणी ठरलेल्या निकषावर होते. सगळे सक्षम असतील तर सगळे पास होतात. ‘नीट’ रांगेतला क्रमांक सांगते. क्रमांक मागे गेला म्हणजे मुलगा नालायक ठरला, हा अर्थ निकालपत्रात कुठेही लिहिलेला नसतो. तो अर्थ घर, नातेवाईक आणि क्लास लावतात.

निकालानंतरचे पहिले दोन-तीन दिवस मोठे निर्णय घेण्याचे नाहीत. झोप तुटलेली असते, छाती धडधडते, भूक लागत नाही. ही मोठ्या ताणाला शरीराने दिलेली स्वाभाविक प्रतिक्रिया आहे. या दिवसांत वेळेवर जेवण, रात्रीची झोप आणि घरातल्या एका तरी माणसाचा शांत सहवास एवढे पुरे. ‘शेजारच्या पोराला किती पडले’ हा विषय घरात निघू नये.

आठवडाभराने मात्र निकालाचा कागद हातात घ्यावा. ओएमआरची प्रत आणि उत्तरसूची परीक्षेनंतर उपलब्ध होते. जीवशास्त्राला 360, भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्राला प्रत्येकी 180 गुण. बरोबर उत्तराला चार, चुकीच्या उत्तराला वजा एक. गुण कुठे गेले? प्रश्न येतच नव्हते, येत असून वेळ पुरला नाही, की अंदाजाने ठोकलेल्या उत्तरांनी घात केला? या तिन्हींवर उपाय वेगवेगळे आहेत. ‘रिपीट’ करायचे तर नेमके काय बदलणार, याचे उत्तर आधी मिळायला हवे. तीच बॅच, त्याच नोट्स आणि पहिल्या पानापासून तेच वर्ष, एवढेच होणार असेल तर निकाल वेगळा लागेल ही आशा भाबडी आहे. आयुर्वेद, होमिओपॅथी, पशुवैद्यक, नर्सिंग, औषधनिर्माण हे रस्तेही त्याच वेळी मोकळेपणाने चर्चेला यावेत. पशुवैद्यकीय महाविद्यालय तर लातूर जिल्ह्यातच, उदगीरला आहे.

बहुतेक मुले दोन आठवड्यांत सावरू लागतात. पंधरा दिवसांनंतरही मूल खोलीबाहेर येत नसेल, जेवत-झोपत नसेल, ‘मी ओझे आहे’ असे बोलत असेल, तर डॉक्टरांना दाखवावे. मरणाची भाषा कानावर आली तर पंधरा दिवस काय, एक दिवसही थांबू नये. ‘जीव द्यावासा वाटतो का?’ असे थेट विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट मनातले बोलायला वाट मिळते. अशा वेळी मुलाला एकटे ठेवू नये. शेतकरी घरांत फवारणीची औषधे कुलूपबंद किंवा घराबाहेर ठेवावीत. नांदेड आणि लातूर, दोन्हीकडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत मानसोपचार विभाग आहे. ‘टेली-मानस’ची 14416 ही मोफत सेवा चोवीस तास सुरू असते आणि तिथे मराठीत बोलता येते.

जबाबदारी एकट्या घरांची नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार 2022 मध्ये देशात 13,044 विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली, आणि राज्यांमध्ये महाराष्ट्राचा आकडा सर्वांत मोठा होता. सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2025 मध्ये दिलेल्या निर्देशांनुसार शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत प्रशिक्षित समुपदेशक हवा, गुणांवरून बॅच वेगळ्या करणे टाळायला हवे, जाहीर अपमान तर होताच कामा नये. हे निर्देश कोचिंग क्लासनाही लागू आहेत. लातूर-नांदेडच्या किती क्लासमध्ये ते पाळले जातात, हे जिल्हा प्रशासनाने तपासून जाहीर करावे. पालकांनीही प्रवेशाच्या वेळी फीइतक्याच स्पष्टपणे विचारावे, ‘तुमचे समुपदेशक कोण, आणि ते कोणत्या वेळेला भेटतात?’ गुणवंतांचे फोटो लावायला क्लासची हरकत नसते. उरलेल्या मुलांना निकालानंतरच्या आठवड्यात बोलावून, शेजारी बसवून त्यांचा पेपर तपासून देणे हाही त्याच फीमधला भाग समजला पाहिजे.